उलट्या गाजराचा घागरा

मी एकदा लेकीच्या लग्नाचा घागरा बुजगावण्याला घातला होता.

हे सांगितलं की नातवंडं पोट धरून हसतात आणि मग विचारतात, "आजी, तू तेव्हा लहान होतीस का?" लहान कुठली! चांगली तीन लेकरांची आई होते. बचत गटाची अध्यक्ष होते. गावातल्या बाया माझ्याकडे सल्ला विचारायला यायच्या आणि मी तो न विचारताही द्यायचे. अशा त्या शहाण्या बाईने भर दुपारी वावरात जाऊन बुजगावण्याला घागरा चढवला, ओढणी लावली, पिना टोचल्या आणि रस्त्यावर जाऊन लांबून पाहिलं. घागरा इतका शोभला की मी जागच्या जागी हात जोडले. दोन बांबूंना पोट नसतं, कंबर नसते, हे अध्यक्षीणबाईंच्या ध्यानात आलं नाही.

लांबून पाहायचं हे खूळ माझ्या डोक्यात घातलं टेलरबाईनं. म्हणजे दोष निम्मा तिचा. ती हे कबूल करणार नाही, कारण तिनं आयुष्यात कधी काही कबूल केलं नाही.

आमचं घर केनवडच्या अलीकडे, पुढे डांबरी रस्ता, मागे आणि बाजूला रस्त्यापर्यंत वावर. आम्ही भाजीवाले. वांगी, मेथी, गाजर, भेदरं म्हणजे टोमॅटो, जे निघेल ते बांधून बाजारात पाठवायचं. रस्त्याकडची एक खोली रिकामी पडली होती. एक दिवस बसमधून एक उंच, काटकुळी बाई उतरली. काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं लेकरू. ते शिलाई मशीनचं मुंडकं निघालं.

"खोली पाह्यजे."

"किती जण राहणार?"

"मी अन् मशीन. मशीन खात नाई."

राहिली ती अकरा-बारा वर्षं. ती मूळची कुठली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला म्हणाली हिंगोलीची, आमच्या मालकांना म्हणाली यवतमाळची, सासूबाईंनी विचारलं तर आभाळाकडे बोट दाखवलं. गेली तेव्हाही तसंच. मला म्हणाली बहिणीकडे चालली, मालकांना म्हणाली भावाकडे, आणि कंडक्टरला तिसऱ्याच गावाचं तिकीट मागितलं.

तिच्या डाव्या खांद्यावर ब्लाउजला पिनांची रांग असायची, फौजदाराच्या छातीवर पदकं असावीत तशी. गळ्यात टेप. तो टेप तिनं मयतीलाही काढला नाही. एकदा शेजारच्या बुढीच्या तेराव्याला ती पंगतीत बसली होती, तेव्हा एक पाहुणा मला हळूच म्हणाला, "ह्या बाई कोनाचं माप घ्याले आल्या इथं?"

आता कोणी म्हणेल, मोठी कसबी बाई असेल. छे! रंगाच्या बाबतीत ती ठार आंधळी होती. जांभळ्या साडीवर नारिंगी ब्लाउज काढून द्यायची आणि वर म्हणायची, "रंग पाहाले गाव हाय. मी घेर पाहून राह्यली." बाही चुकली तर चूक बाईच्या हाताची. एका शिक्षिकेची बाही अशी घट्ट शिवली की तिला फळ्यावर लिहिताच येईना. ती भांडायला आली तर टेलरबाईनं तिचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाली, "हात वाढला तुहा. कायले लिहितं एवढं?" सोमवारी कात्रीला हात लावायची नाही. काहून म्हटलं तर म्हणे, "सोमवारी कैची खोटं बोलते." उरलेले दिवस कैची खरं बोलत होती असा काही पुरावा नाही.

पण नवरीचे कपडे ती ज्या पद्धतीनं ठरवायची, तसं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

खोलीत आरसा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. पोरी यायच्या, फोनमधले फोटो दाखवायच्या. मावशी, असा घागरा पाहिजे. मावशी, तसा गाऊन पाहिजे. ती फोन हातातही घ्यायची नाही. "हे फोनातली पोरगी उभी हाय. तिले म्हना बस." आता फोनमधली पोरगी कशी बसणार? "मंग तिचं लगन तिले लखलाभ. तू बस."

आणि ती पोरीला खाली पाटावर बसवून माप घ्यायची. नवऱ्या उभ्या राहून माप द्यायच्या तयारीनं आलेल्या असायच्या, पोट आत ओढून, मान ताठ करून. बसवलं की सगळी हवा निघायची. टेलरबाईचं म्हणणं, नवरी उभी राहते ती फोटोपुरती. बाकी सारा दिवस ती बसते, वाकते, पाया पडते, पुन्हा बसते. मग उभ्या बाईचं माप घेऊन करायचं काय? पाटावरचं झालं की वाकायला लावायची. त्यानंतर बाहेर नेऊन चाकं काढलेल्या एका जुन्या मोपेडवर एका बाजूनं बसवायची. ही मोपेड तिनं भंगारवाल्याकडून कपड्याच्या बदल्यात घेतली होती. रस्त्यानं जाणारे लोक पाहायचे, एक पोरगी बिनचाकाच्या गाडीवर लाजून बसली आहे आणि एक बाई टेप घेऊन तिच्याभोवती फिरते आहे.

"तोल गेला काय?"

"नाही मावशी."

"हात कायले गेला मंग कमरेवर? ढिलं करा लागते."

कोणत्या पोरीला कोणता आकार शोभेल, हे सांगायला तिच्याकडे पुस्तक नव्हतं. आमचा मागचा ओटा होता. तिथं आम्ही बाजाराला जायची भाजी बांधत बसलेले असायचो. ती पोरीला आणि तिच्या आईला घेऊन थेट ओट्यावर यायची आणि टोपल्यात हात घालायची.

पानगोबी उचलली की समजायचं, कमरेपासूनच फुगलेला घेर. "हे बारक्या पोरीले. अंगावर काहीतरी दिसते." पडवळ म्हणजे वरून खालपर्यंत सरळ. शिमला मिरची म्हणजे कळ्याकळ्यांचा, वर निमुळत्या पट्ट्या जोडलेला. गाजर ती उलटं धरायची, शेपटी वर आणि जाड बाजू खाली. कमरेला नेमका आणि खाली हळूहळू सुटत जाणारा. हे तिचं लाडकं. "हे कोनालेही चालते. देवालेही चालंल." आणि फोनवर पोरींना सगळ्यात जास्त आवडायचा तो मांड्यांना चिकटून गुडघ्याखाली एकदम फुलणारा प्रकार, दुकानदार ज्याला फिशकट म्हणतात, तो आला की ती मेथीची जुडी उचलायची आणि पानं खाली करून धरायची. "हे पाह्य. सुतळी कुठं बांधली? मांडीवर. चालशीन कशी?"

नमुना दाखवून झाला की गाजर ती खाऊन टाकायची. आमचे मालक वैतागायचे. "आपली भाजी बाजारात जायच्या आधी माप देऊन येते," म्हणायचे.

सगळ्यात शेवटी आईची पाळी. कपडा शिवून झाला की नवरीला दारात उभी करायची आणि आईला रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली पाठवायची. "तिथून पाह्य. मांडवात लोक तितक्याच दुरून पाह्यतात. जवळून फक्त टाका दिसते, पोरगी दिसत नाई." बाया डोळ्यावर हात धरून पाहायच्या. काही हसायच्या, काही रडायच्या. मग आरसा सरळ व्हायचा. एकदा मी विचारलं, "आधीच काहून नाही देत आरसा?" तर म्हणाली, "आधी देला तं पोरगी पोटच पाह्यते. बाकीची पोरगी राहूनच जाते."

आणखी एक खोड. जिचे कपडे शिवले तिच्या लग्नाला ती जायचीच, बोलावणं असो वा नसो. शेवटच्या रांगेत बसायची. ताट घ्यायची, पण मांडीवर ठेवायची आणि नवरीकडे पाहत राहायची. नवरीनं स्टेजवर बसताना कपडा ओढला, बाही वर सारली, की ही ताट तसंच ठेवून उठायची. उपाशी घरी यायची. अशा दिवशी खोलीतून मिरचीचा खर्डा वाटल्याचा आवाज आला की आम्ही समजायचो, आज कोणीतरी पदर ओढला.

माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा आकार-बिकार कोणी विचारला नव्हता. मला एका शालूत गुंडाळलं, वरून शेला टाकला, मुंडावळ्या बांधल्या, आणि मी कोणत्या बाजूनं नवरी आहे हे फक्त नाकावरून कळत होतं. फोटो एकच आहे. त्यात मी पोट आत ओढून धरलं आहे. फोटोग्राफरला कॅमेरा चालू करायला वेळ लागला, तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही, म्हणून डोळे बाहेर आलेत. नातू म्हणतो, "आजी, तुला भूत दिसलं होतं का?" पोट ओढायची ती सवय मला इतकी जडली की टेलरबाई ब्लाउजचं माप घ्यायला आली तरी मी ओढायचे. ती बोटानं बरगडीत टोचायची. "सोड." "काय सोडू?" "श्वास सोड, माय. त्याची शिलाई वेगळी नाई लागत."

तर अशा बाईच्या हाती, म्हणजे माझ्या हाती, शीतलचं लग्न आलं.

शीतल माझी मधली. अंगानं दणकट. भेदराचं भरलेलं कॅरेट एका दमात खांद्यावर घ्यायची. तिचं हसणं केनवडच्या बसस्टँडवर ऐकू जायचं. शिरपूर जैनचा मुलगा होता, जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं दुकान होतं त्याचं, विहिरीवरच्या पंपाच्या. मुलगा पाहायला आला, शीतल चहा घेऊन आली, कप ठेवता ठेवता त्याच्या काहीतरी बोलण्यावर खदखदून हसली. मला वाटलं मोडलं. पण जमलं.

साक्षगंधाला त्यांच्याकडच्या एका आत्याबाईंनी शीतलला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी खात्यापित्या घरची दिसते."

बस, एवढंच. त्यांनी पुढं पेढाही खाल्ला. पण ते वाक्य माझ्या छातीत काट्यासारखं बसलं. मला वाटायला लागलं, मांडवात साऱ्यांच्या तोंडी हेच येणार. फोटोत हेच दिसणार. सासरी पहिल्या दिवसापासून पोरगी यावरूनच ओळखली जाणार. मी शीतलच्या ताटातली पोळी कमी केली. लग्नाआधी नातेवाईक नवरीला जेवायला बोलावतात, आमच्याकडे त्याला गडगनेर म्हणतात. ती बोलावणी मी एकामागून एक टाळायला लागले. सख्ख्या नणंदेला सांगितलं, शीतलचं पोट बिघडलं आहे. नणंद ओवा घेऊन आली. त्या वेळी शीतल बांधावर बसून भाजलेली कणसं खात होती.

शीतलला घागरा कसा पाहिजे, हे तिला पक्कं माहीत होतं. टेलरबाईनं विचारलं, तेव्हा पोरीनं फोन काढलाच नाही. म्हणाली, "मावशी, मले नाचाचं हाय."

"नवरीले?"

"हाव. मांडवात येताना. त्याले बी सांगून ठेवलं."

टेलरबाईचा चेहरा उजळला. तिनं पाटावर बसवून माप घेतलं, मोपेडवर बसवलं, आणि ओट्यावर येऊन गाजर उलटं धरलं. मी मध्येच म्हणाले, "बाई, याच्यात ती रुंद दिसंल."

"ते रुंद हायच."

"तेच तं म्हनून राह्यली मी! बारीक दिसन असं काही करा ना. दोन बोटं आत घ्या. लग्नापर्यंत उतरते ती."

शीतल तिथंच उभी होती. टोपल्यातली वांगी सरळ करायला लागली. टेलरबाईनं गाजराचा तुकडा मोडला आणि कडकड चावत माझ्याकडे पाहत राहिली. तिचं असं गाजर चावणं हे काही बरं लक्षण नव्हतं, पण मी त्या वेळी लक्षणं पाहण्याच्या पलीकडे गेले होते.

दोन दिवसांनी मी कोणाला न सांगता वाशीमला गेले. दुकानातला पोरगा मोठा गोड बोलणारा. मी सांगितलं, पोरगी अंगानं भरलेली आहे, बारीक दिसली पाहिजे. त्यानं डाळिंबी रंगाचा फिशकट घागरा काढला, पुतळीवर चढवला आणि म्हणाला, "काकू, यात म्हैस बी हरणी दिसते." याचा राग यायला हवा होता. मी खूश झाले. घागरा घेतला, पिशवीत तळाशी घातला आणि वरून दोन किलो साखर ठेवली.

घरी आणला खरा, पण आता दाखवायचा कसा? शीतलला घालून पाहा म्हटलं तर ओरडली असती. आणि टेलरबाईचा नियम डोक्यात पक्का बसला होता: लांबून पाहिल्याशिवाय काही खरं नाही. पण लांबून पाहायला आधी घागऱ्यात कोणीतरी उभं पाहिजे! मी विचार करत मागच्या दारात आले आणि समोर वावरात ते दिसलं. रोही, म्हणजे नीलगाई, रात्रीचे येऊन भेदरं तुडवतात म्हणून मालकांनी उभं केलेलं बुजगावणं. दोन बांबू, वर मडकं, अंगात मालकांचा फाटका सदरा. ऊन तापलं होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. टेलरबाई रिसोडच्या बाजाराला गेली आहे अशी माझी खात्री होती.

सदरा काढला, घागरा चढवला. चोळी दोरीनं आवळली. मडक्यावरून ओढणी घेतली, आणि ओढणीची चूण नीट बसेना म्हणून चार वेळा काढून पुन्हा घातली. मग घराला वळसा घालून रस्त्यावर गेले, बाभळीखाली उभी राहिले आणि वळून पाहिलं.

काय सांगू! गरम वारा सुटला होता, खालची झालर हलत होती, बांबूचे दोन हात पसरलेले. सडपातळ, उंच, डाळिंबी नवरी. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, आता म्हणा काय म्हणायचं ते. तेवढ्यात मालकांनी जेवायला हाक मारली, आणि मी वाढायला गेले. कपडा जरा वाऱ्यावर राहू दे, म्हटलं. चुण्या निघतील.

मी वाढत होते, तेव्हा रिसोडची बस रस्त्यानं गेली. तिच्यात खिडकीशी नवरदेवाचे काका बसले होते.

त्यांनी काय पाहिलं, हे नंतर त्यांनीच साऱ्या गावाला सांगितलं. भर उन्हात, वांग्याच्या वाफ्याच्या पलीकडे, लग्नाचा घागरा घातलेली नवरी दोन्ही हात पसरून उभी. हलत नाही, बोलत नाही. त्यांनी बसमधूनच पुतण्याला फोन लावला. "अरे, तुह्या नवरीले शिक्षा देली वाटते कोनं! मायबापानं उन्हात उभी केली!" पुतण्यानं शीतलला फोन लावला. फोन घरात चार्जिंगला होता आणि शीतल विहिरीकडच्या वाफ्यात वांगी तोडत होती. कोणी उचलेना. पोरानं दुकान तसंच उघडं टाकलं, वाटेत लिंबू सरबताच्या दोन बाटल्या घेतल्या आणि गाडी जी सुटली ती आमच्या बांधावरच येऊन थांबली.

आरडाओरडा ऐकून आम्ही हात न धुताच मागे धावलो. पाहतो तर जावई वावरात धावत होता, हातात सरबताची बाटली, "शीतल! शीतल!" करत बुजगावण्याकडे. जवळ गेला, ओढणी बाजूला केली आणि मडक्याकडे पाहत उभा राहिला.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं शीतल आली. मालकांचा जुना शर्ट अंगात, डोक्याला रुमाल, खांद्यावर वांग्यांचं कॅरेट. "कोनाले हाका मारून राह्यले?"

मग तिची नजर घागऱ्यावर गेली. आधी ती हसली. मग तिनं घागऱ्याच्या मांडीजवळचा आवळ हातानं चाचपला. पोरगी हुशार होती, मेथीची जुडी तिनंही पाहिली होती.

"आई, हा कोनाचा?"

"तुहाच, माय."

"माहा हाय तं याले काहून घातला? मी मेली होती काय?"

मालक मडक्याकडे पाहायला लागले. शीतलनं कॅरेट हळूच खाली ठेवलं. ते ती नेहमी धाडकन टाकायची. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "मी एवढी वाईट दिसते काय वं?"

वाऱ्यानं ती झालर फडफडत होती. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं, वांग्यांसकट.

पोरगा बोलला मग. घाम पुसत, अजून धाप लागलेली. "मामी," म्हणाला, "ही बारीकवाली वावरातच राहू द्या. रोही भेतात तिले. मले ती कॅरेटवाली द्या." आणि सरबताची बाटली त्यानं शीतलच्या हातात दिली.

शीतलनं त्याच्याकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. आणि मग ती जी हसायला लागली! बस पुढच्या गावी पोचली असेल, तिथंही ऐकू गेलं असेल. मालक हसले, पोरगा हसला, मी हसता हसता रडले. हे झाल्यावर टेलरबाई घराच्या कोपऱ्यावरून सावकाश चालत आली, गळ्यात टेप, हातात कात्री, जशी काही तिला बोलावूनच घेतली होती.

"काढ तो घागरा त्याच्या अंगातून," मला म्हणाली. "इकडं दे. मांडी मोकळी करते त्याची."

तिनं तो घागरा मांडीपासून खालपर्यंत उभा फाडला. फाडताना आवाज आला तेव्हा दुकानात मोजलेले पैसे आठवले, पण तोंड उघडायची माझी छाती नव्हती. मधे कळ्या घालायच्या होत्या. डाळिंबी कापड तसंच मिळेना. रंगाचा प्रश्न आला की या बाईचं काय व्हायचं ते व्हायचंच. तिनं पोपटी कळ्या लावल्या. डाळिंबीत पोपटी! मी म्हणाले, "बाई, हे पोपटासारखं दिसते." ती म्हणाली, "पोपट उडते तरी."

शीतलला तो इतका आवडला की ती घालून ओट्यावर गिरकी घेत राहिली, आणि भाजी बांधायची राहून गेली. राहिलेली गडगनेरं मी सगळी परत मागून घेतली. नणंदेकडे आधी गेलो. शीतल तिथं तीन पोळ्या आणि वर शिरा खाऊन आली.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, शालू उतरला, घागरा चढला. मांडवाच्या दारात बँड वाजला आणि शीतल नाचत आत आली. नवरदेव तिच्यापेक्षा वाईट नाचत होता, पण नाचत होता. प्रत्येक गिरकीला त्या पोपटी कळ्या एकदम उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. माझी पोरगी रुंद दिसत होती. उंचही दिसत होती. मांडवाची सारी जागा तिचीच असल्यासारखी चालत होती. फोटोत रंग पाहून आजही लोक आधी हसतात. हसू द्या. ती त्या दिवशी सोफ्यावर मांडी घालून बसली, त्या आत्याबाईंसकट सगळ्यांच्या पाया पडली, आणि एकदाही तिचा हात कमरेकडे गेला नाही.

मी स्टेजच्या बाजूला उभी होते, पण माझं अर्धं लक्ष शेवटच्या रांगेकडे. टेलरबाई मांडीवर ताट घेऊन बसलेली. बुंदी तशीच, वांग्याची भाजी तशीच. बराच वेळ गेला. मग तिनं पोळीचा तुकडा मोडला. आणि काय जेवली म्हणता! वाढप्यांना नावानं हाका मारून परत बोलावलं. मठ्ठ्याचे ग्लास शेजाऱ्यांच्या पुढचेही संपवले.

पोरगी सासरी गेली. मांडवात खुर्च्या उचलण्याचा खडखडाट सुरू झाला. टेलरबाई पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होती. मी जवळ गेले. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आभार मानले की ती शिव्या द्यायची, म्हणून मी दुसरंच विचारलं. "बाई, त्या दिवशी तुमी बाजाराले गेल्या होत्या ना?"

"कुठं? मी मशीनवर होती. माही खिडकी वावरातच उघडते."

"म्हणजे मी बुजगावण्याले घागरा घालून राह्यली, ते तुमी सारं पाह्यलं?"

"सारं."

"मंग मले थांबवलं काहून नाई? एक हाक मारली असती तं पोरीसमोर एवढी फजिती झाली नसती माही!"

तिनं ओले हात माझ्याच पदराला पुसले. आणि म्हणाली, "हाक येऊन राह्यली होती तोंडात. पन तू त्याची ओढनी सारखी करत होती, दुरून जाऊन पाहून राह्यली होती, अन् डोये पुसत होती. शीतलकडं तू तसं एक खेपबी पाह्यलं नव्हतं. म्हनलं, पाहू द्या बाईले. आधी त्याच्यावर हात बसू द्या."